संमिश्र संचाची कसोटी : दशावतारी गंजिफा ते स्पर्धात्मक संग्राह्य पत्ते

बीजसंज्ञा : गंजिफा, संमिश्र संच, दुरंगी पान, सावंतवाडी, मॅजिक : द गॅदरिंग, पाच-तीन-दोन, कोर्लई

प्रस्तावना :

मराठी समीक्षेत व संस्कृतिअभ्यासात 'समन्वय', 'संकर', 'संमिश्रता' हे शब्द गेल्या काही दशकांत बहुधा गौरवार्थाने वापरले जातात. एखाद्या कलावस्तूत दोन परंपरांचे घटक आढळले की त्यांची यादी करावयाची आणि शेवटी 'असा हा सुंदर समन्वय होय' असे म्हणून लेखणी ठेवावयाची, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की समन्वय साधला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. घटक शेजारी ठेवले म्हणजे ते एकत्र आले असे होत नाही. पुरणपोळीच्या ताटात लोणचे असते, म्हणून त्या दोहोंचा संकर झाला असे कोणी म्हणत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न पत्त्यांच्या खेळाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु पत्त्यांच्या संचाला एक गुण आहे, जो कादंबरीला किंवा देवळाच्या शिल्पपट्टाला नाही : त्याची परीक्षा डावात होते. संमिश्र संच रचणाऱ्याने कितीही सुंदर सिद्धांत मांडला, तरी हातात आलेली पाने एकमेकांना साह्य करीत नसतील तर तो हरतो. समीक्षकाच्या शब्दांना तेथे जागा उरत नाही. म्हणूनच संमिश्रतेविषयीच्या सैल विधानांना कस लावण्यासाठी हे क्षेत्र सोयीचे आहे.

मिश्रणाची किंमत :

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ बाजारात आला आणि 'ट्रेडिंग कार्ड गेम' ह्या प्रकाराची सुरुवात झाली. पुढे १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले, त्यानंतर यु-गी-ओ आला. नेहमीच्या पत्त्यांच्या कॅटहून हा प्रकार मुळातच निराळा आहे. येथे सर्वांचा मिळून एक कॅट नसतो. प्रत्येक खेळाडू हजारो उपलब्ध पानांतून स्वतःचा संच निवडून, बांधून आणतो. त्यामुळे डावाचा अर्धा निकाल डाव मांडण्यापूर्वीच, घरी, संच बांधताना लागलेला असतो. मॅजिकच्या रूढ स्पर्धात्मक प्रकारात संच किमान ६० पानांचा असतो आणि मूलभूत 'भूमी' वगळता कोणत्याही पानाच्या चारच प्रती घेता येतात. आरंभी हाती सात पाने येतात.

खेळातील पाने पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा अशा पाच रंगांची असतात. प्रत्येक रंगाला स्वतःचा स्वभाव आहे : पांढऱ्याला शिस्त व समूह प्रिय, निळ्याला ज्ञान व युक्ती, काळ्याला कोणत्याही किमतीवर सत्ता, तांबड्याला आवेग, हिरव्याला वाढ व निसर्ग. त्या त्या रंगाचे पान खेळण्यासाठी त्या रंगाची शक्ती लागते आणि ती भूमीच्या पानांतून मिळते. दोन रंग एकत्र करण्याचा मोह साहजिक आहे. निळ्याची युक्ती आणि तांबड्याचा आवेग एका हातात असले तर कोणाला नको?

ह्या मोहाची किंमत मोजता येते, हे महत्त्वाचे. ६० पानांच्या एकरंगी संचात २४ भूमी असतील, तर पहिल्या सात पानांत एकही भूमी न येण्याची शक्यता शेकडा सुमारे २.२ इतकीच आहे. त्याच २४ भूमी दोन रंगांत बारा-बारा अशा वाटल्या, तर दोहोंपैकी किमान एका रंगाची भूमी हातात नसण्याची शक्यता शेकडा सुमारे ३६ होते. म्हणजे केवळ दोन रंग एकत्र आणले, दुसरे काही केले नाही, तर दर तीन डावांतला एक डाव अर्ध्या हाताने सुरू करावा लागतो. नुसत्या सहअस्तित्वाचा हा दंड आहे.

यु-गी-ओत भूमीसारखे साधन नाही, म्हणून तेथे मिश्रण फुकट असावे असे वाटते. तसे नाही. तेथे मुख्य संच ४० ते ६० पानांचा असतो व एका पानाच्या तीन प्रती घेता येतात. आरंभीच्या पाच पानांत हवे ते पान येण्याची शक्यता ४० पानांच्या संचात शेकडा ३३.८ असते. दोन घराण्यांची पाने सामावून घेण्यासाठी संच ६० पर्यंत फुगवला की ती २३.३ पर्यंत उतरते. दंड तोच, फक्त वसुलीची खिडकी निराळी.

मग अनुभवी खेळाडू संमिश्र संच बांधतात कसे? उत्तर असे की ते घटकांपेक्षा सांध्यांकडे अधिक लक्ष देतात. मॅजिकमध्ये दोन्ही रंगांची शक्ती देऊ शकणारी दुरंगी भूमी पहिल्या वर्षापासून आहे. वरील २४ भूमींपैकी आठ (दोन प्रकारच्या चार-चार) दुरंगी घेतल्या आणि उरलेल्या आठ-आठ वाटल्या, तर ३६ची ती शक्यता १७.७ वर येते. दंड निम्मा होतो. ही दुरंगी भूमी डावात स्वतः काही पराक्रम करीत नाही, शत्रूवर चालून जात नाही. तरीही संचाचा प्राण तिच्यात असतो, आणि बाजारात तिची किंमतही बहुधा पराक्रमी पानांहून चढी असते. संमिश्र संचाचे मूल्यमापन करताना 'ह्यात काय काय आहे' ह्याऐवजी 'ह्यातील दुरंगी पान कोणते' हा प्रश्न विचारावयास हवा, असे येथे सुचवावयाचे आहे.

'आणि' व 'किंवा' :

ह्याच खेळाच्या इतिहासात आणखी एक सूक्ष्म भेद घडला आहे, जो समीक्षेला उपयोगी पडेल. १९९४ पासून मॅजिकमध्ये अशी बहुरंगी पाने आली, जी खेळण्यासाठी दोन्ही रंगांची शक्ती एकाच वेळी लागते. अशा पानाचे सामर्थ्य मोठे, पण अटही मोठी. २००५ साली 'रॅव्हनिका' ह्या संचात 'हायब्रिड' चिन्ह आले. ह्या पानांसाठी दोहोंपैकी कोणत्याही एका रंगाची शक्ती चालते. पहिल्या प्रकाराचे व्याकरण 'आणि'चे आहे, दुसऱ्याचे 'किंवा'चे. दिसायला दोन्ही पाने दुरंगीच, परंतु पहिले पान खेळाडूला दोन्ही परंपरांशी बांधून घेते, तर दुसरे कोणत्याही एका दाराने आत येऊ देते.

मराठीत 'संमिश्र' म्हणताना हा भेद केला जात नाही. एखादी कलाकृती दोन्ही परंपरा जाणणाऱ्यालाच उलगडते की दोहोंपैकी एक जाणणाऱ्यालाही खुली असते, ह्यावर तिचे समाजातील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. गंजिफाकडे वळताना ही कसोटी हाताशी ठेवावी.

दशावतारी गंजिफा :

बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या १४४ पानांच्या एका जुन्या संचाचे वर्णन येते. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी त्यातील अधिपतींची नावे आहेत (त्यांत नौकांचा अधिपती नवपतीही आहे, हे किनाऱ्यावरील वाचकाला नोंदवावेसे वाटेल). पुढे रूढ झालेला मोगल संच आठ रंगांचा, ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे ते आठ रंग. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने. आपल्याकडे सावंतवाडीत आठ रंगांच्या ह्या संचाला 'चंगकांचन' म्हणतात.

दशावतारी संच ह्याच ढाच्यावर उभा आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. मुकुट, तलवार, नाणी व हुंडीच्या जागी मासा, कासव, परशू अशी चिन्हे आली. चिन्हांत प्रदेशपरत्वे फरक पडतो, परंतु बाराचा हिशेब ढळत नाही. रुडॉल्फ फॉन लायडेन ह्यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात भारतीय गंजिफांचा जो विस्तृत आढावा घेतला आहे, त्यामुळे ही प्रादेशिक विविधता अभ्यासकांसमोर आली. त्यानंतरच्या बहुतेक लेखनात मात्र 'पारशी ढाचा, पौराणिक आशय' एवढेच सूत्र पुनःपुन्हा उद्धृत होताना दिसते. ते चूक नाही, अपुरे आहे. कारण ह्या सूत्राने दशावतारी संच खेळता का येतो, हे कळत नाही.

खेळाच्या नियमांकडे पाहावे. मोगल गंजिफात दिवसा डाव असेल तर सुर्ख म्हणजे सोन्याच्या नाण्याच्या राजाने आरंभ करावयाचा, रात्री असेल तर सफेद म्हणजे रुप्याच्या नाण्याच्या. सोने सूर्याचे, रुपे चंद्राचे. दशावतारी संचात नाणीच उरली नाहीत. मग हा नियम कोठे गेला? तो गेला नाही. सामान्यतः दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने डाव उघडतो. राम सूर्यवंशातला, कृष्ण सोमवंशातला आणि मध्यरात्री जन्मलेला. पारशी संचातील सूर्य-चंद्राचे नाते पुराणातील सूर्यवंश-सोमवंशाच्या नात्याने इतके अचूक सांधले गेले आहे की नियम बदलला, असे खेळणाऱ्याला जाणवतही नाही. हे कोणी, केव्हा ठरविले ह्याची नोंद आढळत नसली, तरी हे दशावतारी संचातले दुरंगी पान होय, असे निःसंकोच म्हणता येते. ते एकाच वेळी दोन्ही परंपरांना शक्ती पुरविते. शिवाय त्याचे व्याकरण 'किंवा'चे आहे. पारशी संकेत मुळीच न जाणणाऱ्या सावंतवाडीच्या वा पुरीच्या खेळाडूला रामाने दिवस उघडणे स्वाभाविकच वाटते.

दुसरा सांधा अंकगणिताचा. मोगल गंजिफाच्या आठ रंगांपैकी चार रंगांत राजा-वजिरानंतर दहाचे पान श्रेष्ठ, तर उरलेल्या चारांत क्रम उलटा, म्हणजे एक्का श्रेष्ठ आणि दहाचे पान सर्वांत हलके. नवख्या खेळाडूला रडकुंडीस आणणारा हा नियम दशावतारीत जसाच्या तसा राहिला, कारण दहा अवतार पाच-पाच असे विभागता येतात. नऊ रंगांच्या, १०८ पानांच्या नवग्रह गंजिफात ही सोय नाही. १०८ ही संख्या कितीही पवित्र असली तरी नऊचे दोन सारखे भाग पडत नाहीत. नवग्रह संच दशावतारीइतका पसरला नाही, ह्याला हे एकमेव कारण असेल असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु कारणांच्या यादीत त्याला स्थान द्यावयास हरकत नसावी. दशावतारीचे १२० तिघांत चाळीस-चाळीस वाटले जातात आणि एकही पान उरत नाही, हेही लक्षात घ्यावे.

सर्वच सांधे असे जुळले असे नाही. राजाखालोखाल वजीर हवा, हा ढाच्याचा हट्ट. पण मत्स्यावताराला प्रधान कोठून आणावयाचा? पुराणांत तो नाही, म्हणून चित्रकाराने तो निर्माण केला. परशुरामाला 'राजा' म्हणून सिंहासनावर बसविण्यात जी विसंगती आहे, ती तर पुराण जाणणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल : ज्याने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि जिंकलेली भूमी दान दिली, त्याला दरबार कसला? येथे पारशी ढाच्याने पौराणिक आशयावर मात केली आहे आणि ती विसंगती झाकण्याचा प्रयत्नही कोणी केलेला नाही. डावाला तिचा अडथळा होत नाही, एवढे पुरे.

नवव्या स्थानाची कथा निराळी. ओरिसाच्या परंपरेत बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातील दशावतार-चित्रणातही नवव्या स्थानी विठ्ठल दिसण्याची परंपरा आहे. संग्राह्य पत्त्यांच्या परिभाषेत ही पानाची अदलाबदल होय. संचाचा सांगाडा कायम ठेवून एका जागी स्थानिक पान घालणे. मात्र एक फरक विसरता कामा नये. मॅजिकचा खेळाडू पान बदलतो ते जिंकण्यासाठी आणि उद्या पुन्हा बदलण्यासाठी. विठ्ठल नवव्या स्थानी आला तो कोणा एकाच्या निवडीने आला नाही आणि काढून टाकण्यासाठीही आला नाही. पहिल्या प्रकारात संचाचा कर्ता खेळाडू असतो, दुसऱ्यात संच आधी असतो व खेळाडू नंतर येतो. त्यामुळे आधुनिक खेळातील निकष गंजिफाला सरसकट लावणे युक्त नाही. सांधा जुळला की नाही एवढेच त्यांनी तपासावे.

अतिरेक :

ह्या संदर्भात म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वोडेयार (१७९४-१८६८) ह्यांच्या 'चाड' खेळांचा उल्लेख आवश्यक आहे. गंजिफाच्या पायावर त्यांनी अनेक नवे खेळ रचले. 'श्रीतत्त्वनिधी'च्या 'कौतुकनिधी' ह्या भागात त्यांची माहिती येते. त्यांतील काही संच १८ रंग व ३६० पानांपर्यंत वाढले होते, कायमचा हुकूम होता, कोणत्याही पानाच्या जागी चालणारी पाने होती. कल्पकतेच्या दृष्टीने ह्यांना तोड नाही. परंतु राजवाड्याच्या भिंतीबाहेर हे खेळ फारसे गेले नाहीत. जे जे उत्तम ते ते सर्व एका संचात घालण्याची इच्छा संच बांधणाऱ्या प्रत्येक नवशिक्यालाही होते. त्याला साठ पानांच्या मर्यादेचे महत्त्व दोन-चार पराभवांनंतर कळते. राजाला पराभव कोण दाखविणार?

बावन्न पानांवरील गंजिफा :

सावंतवाडीची गंजिफा विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ लुप्त होण्याच्या मार्गावर होती. चिताऱ्यांपैकी हे काम जाणणारे अगदी थोडे उरले होते. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनी पुंडलिक चितारी ह्यांच्याकडून ते समजून घेतले आणि १९७१ साली 'सावंतवाडी लॅकरवेअर्स'ची स्थापना करून राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, घोटाई, रंग व शेवटी लाखेचा थर अशा टप्प्यांतून जाणारे हे गोल पान आज पाहावयास मिळते ते ह्या प्रयत्नांमुळे, हे प्रथम नमूद केले पाहिजे.

ह्याच परंपरेत बावन्न पानांचे कॅटही गंजिफाच्या शैलीत रंगविले जातात. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट हे चार रंग तसेच ठेवून राजा-राणी-गुलाम देशी पोशाखात, देशी बैठकीत काढावयाचे. विक्रीपत्रकांतून व वृत्तपत्रीय लेखांतून अशा संचांची 'पूर्व-पश्चिम संगम' म्हणून प्रशंसा होते. आतापर्यंतच्या विवेचनाचा कस येथे लागतो. ह्या संचातले दुरंगी पान कोणते? शोधूनही सापडत नाही. बावन्न पानांच्या खेळाचा एकही नियम येथे बदललेला नाही, गंजिफाचा एकही नियम आत आलेला नाही. उलटा क्रम नाही, दिवस-रात्रीचा भेद नाही. ढाचा युरोपीय, वस्त्र कोकणी. दशावतारी संचात चित्र बदलले तेव्हा नियमाला उत्तर द्यावे लागले. येथे चित्राने नियमाला प्रश्नच विचारलेला नाही. म्हणून हा संकर नव्हे, वेषांतर होय.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. वेषांतर म्हणा, काही म्हणा, पण बावन्न पानांचा कॅट विकत घेणारा त्याने खेळू शकतो, आणि त्या विक्रीतून चिताऱ्याच्या हाताला काम मिळते. १२० पानांची दशावतारी घेणारा बहुधा ती काचेआड ठेवतो. मग अधिक 'जिवंत' कोणते? प्रश्न रास्त आहे. बावन्न पानांच्या कॅटने कारागीर जगविला, हे मान्यच केले पाहिजे. पण कारागीर जगणे आणि खेळ जगणे ह्या दोन गोष्टी आहेत, आणि पुनरुज्जीवनाविषयीच्या लेखनात त्या सर्रास एक मानल्या जातात. दशावतारी गंजिफा खेळता येणारी माणसे आज फार थोडी आहेत. चित्र पुढच्या पिढीकडे गेले, क्रम गेला नाही. वस्तुसंग्रहालयाच्या नोंदवहीत पानांचे माप, रंगद्रव्य, काळ हे सारे असते. मत्स्याचा एक्का मोठा की दहाचे पान, हे नसते.

रायगडचा किनारा :

कोणी म्हणेल की संमिश्र संच आता दरबारात किंवा परदेशी कंपनीच्या कारखान्यातच होतात. रायगडच्या किनाऱ्यावर ते बोलण्यात सापडतात. गौरी-गणपतीच्या जागरणात अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ओटीवर जो कॅट पिसला जातो, त्याचे शब्द पाहावेत. चौकट घरचा, बदाम फारशीतून आलेला. किलवरचे डच 'क्लाव्हर'शी आणि इस्पिकचे पोर्तुगीज 'एस्पादास'शी असलेले साम्य नजरेआड करता येत नाही. गुलाम हा शब्द मोगल गंजिफात एका संपूर्ण रंगाचे नाव होता, तो येथे राणीखालच्या एका पानापुरता उरला. हुकूमही गंजिफाच्या परिभाषेतला, तेथे हमखास जिंकणाऱ्या पानाशी निगडित असलेला. मराठीत तो इतर रंगांना मारणाऱ्या रंगाचे नाव झाला. राणी गंजिफात नव्हतीच. ह्या कॅटवर कोणीही कोकणी चित्र काढलेले नाही, तो कारखान्यात छापलेला, विदेशी चेहऱ्यांचा आहे. तरीही तो सावंतवाडीच्या बावन्न पानांपेक्षा अधिक संमिश्र आहे, कारण येथे मिश्रण खेळणाऱ्यांच्या जिभेवर व हिशेबात झाले आहे.

'पाच-तीन-दोन' हा तिघांचा खेळ ह्याचे नमुनेदार उदाहरण होय. बावन्न पाने तिघांत समान वाटता येत नाहीत, एक उरते. म्हणून दोनपासून सहापर्यंतची पाने आणि दोन सत्त्या बाजूला काढून तीस पानांचा संच करतात. दहा-दहा पाने, दहा हात, आणि त्या दहांचे पाच, तीन व दोन असे वाटप. मॅजिकचा खेळाडू ज्याला 'डेक बांधणे' म्हणतो, ते आपल्याकडे आजीच्या मांडीवर शिकविले जाते, फक्त त्याला तसे नाव नाही. येथेही मर्यादा आधी येते, सौंदर्य मागाहून. तीनशेसाठ पानांच्या राजाने तीस पानांच्या ह्या खेळाकडून काही शिकावयास हरकत नव्हती.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर असलेले कोर्लई गाव ह्या चर्चेत अनपेक्षित वाटेल. चौल-रेवदंड्याचा प्रदेश १७४० साली पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. त्यानंतरही कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दसंपत्तीची एक भाषा टिकून राहिली. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनी १९९६ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. शब्द बव्हंशी पोर्तुगीज, परंतु वाक्यरचना दीर्घ सहवासाने मराठीच्या वळणाकडे झुकत गेलेली, क्रियापद शेवटी येणारी. म्हणजे पाने एका संचाची, खेळण्याचा क्रम दुसऱ्याचा. दशावतारी गंजिफात नेमके हेच घडले होते : चित्रे पुराणातील, क्रम फारशी. भाषा व खेळ ह्यांची तुलना फार ताणू नये हे खरे. पण दोन्ही ठिकाणी मिश्रण टिकले ते क्रमाच्या पातळीवर घडले म्हणून, हे साम्य केवळ योगायोगाचे मानता येत नाही.

आता ह्याच किनाऱ्यावरील मुलांच्या दप्तरात पोकेमॉनची पाने असतात. त्यांची अदलाबदल मधल्या सुट्टीत चालते, आणि पुष्कळदा खेळाचे मूळ नियम कोणालाच ठाऊक नसतात. पानावरील मोठा आकडा जिंकतो, असा नियम मुलेच करतात. शिक्षकांना ह्यात उनाडपणा दिसतो. संच हाती आला, नियम हाती आला नाही, म्हणून जुन्या 'मोठे पान मारते' ह्या नियमावर नवी पाने खेळली गेली. हा संकर ओबडधोबड आहे, स्पर्धेत क्षणभरही टिकणार नाही. परंतु तो खेळला जातो.

दशावतारीच्या बाबतीत नेमकी उलटी अवस्था आहे. तेथे नियम पुरेसा सूक्ष्म, सांधे अचूक, चित्रे देखणी. कमतरता आहे ती तीन माणसांची, ज्यांना पाच रंगांचा सुलटा व पाच रंगांचा उलटा क्रम तोंडपाठ आहे आणि जे पडलेले प्रत्येक पान लक्षात ठेवू शकतात. कोकणातील महाविद्यालयांच्या जिमखान्यात कॅरम व बुद्धिबळाची स्पर्धा दरवर्षी होते. एकशेवीस गोल पाने, एक पांढरी चादर आणि अवतारांच्या क्रमाचा एक तक्ता एवढ्या साहित्यात दशावतारीचा डाव मांडता येतो. डाव सकाळच्या सत्रात असेल तर आरंभ रामाचा राजा ज्याच्याकडे आहे त्याने करावा.